शुक्रवारची थाप

पीयूषशेठचं बोलणं खरं धरून जुन्नरात कुणी एसटीची वाटसुद्धा पाहिली नसती. माणूस पंचेचाळिशी ओलांडलेला, पण खोड्या चौथीतल्या. एकदा त्यानं बापाच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर पाटी लावली, ‘जुनी सासू आणा, नवा कुकर न्या.’ संध्याकाळपर्यंत दोन सुना खरोखर चौकशी करून गेल्या, असं तो स्वतःच सांगायचा. आता त्या आल्या होत्या की नव्हत्या, ते त्या कुकरलाच ठाऊक.

घराणं मारवाडी जैन. आजोबा राजस्थानातून आले ते पेठेत रुजले, वडील मिश्रीलाल तांब्या-पितळेत मुरले, आणि हा दिवटा गाण्यांत वाया गेला. तरणा असताना कुठं जत्रा भरली की हा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून पसार. भेदिक लावण्यांचा फड, भारूड, वरातीतला बँड, म्हैस पिळताना गुणगुणणारी बाई, सापडेल ते भरून आणायचा. मग शेजारच्या गाळ्यात कॅसेटचं दुकान टाकलं. कॅसेटी मेल्या, सीड्या आल्या. सीड्या मरायला लागल्या तसे त्यानं कॉम्प्युटर मांडले आणि नेट कॅफे केला. अमेरिकेत गेलेल्या राजुरीच्या एका पोरानं त्याला नेटवरून रेडिओ कसा चालवायचा ते शिकवलं, आणि माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते पेठेनं डोळ्यांनी पाहिलं.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी. ऐकणारी पोरं जुन्नर-आंबेगावचीच, पण आखातात राबणारी, आणि तिकडं सुट्टी शुक्रवारची. दर आठवड्याला एक विषय. एकदा विहिरीवरची गाणी, एकदा रुसलेल्या नवऱ्याची, एकदा मुक्कामी एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरनी म्हटलेली. गाण्यांच्या मधेमधे गावाकडच्या बातम्या. गंमत अशी, की राजुरीत, लोणीत नेट जवळजवळ कुणाकडंच नव्हतं. त्यामुळं पीयूषशेठ जुन्नरात बोलायचा, ते दुबईत ऐकू जायचं, आणि दुबईवरून फोन आला की राजुरीला राजुरीची बातमी कळायची.

ह्या बातम्यांत एक ठरवून खोटी. ती ‘शुक्रवारची थाप’. शिवनेरीवर लिफ्ट बसली, ओतूरकडं कांद्याचं नवं बियाणं आलंय, चिरताना हसू येतं, असली. ऐकणाऱ्यानं ती धरायची आणि लिहून पाठवायची. कॉम्प्युटरवर निरोप उमटला की पीयूषशेठ टेबलावरचा जुन्या रिक्षाचा रबरी भोंगा माइकपुढं धरून दाबायचा. पोंऽऽ! आणि मांडीवर थाप मारून हसत सुटायचा. जो धरील त्यानं पुढच्या शुक्रवारचा विषय सांगायचा. भोंगा वाजला तर थाप, कार्यक्रम संपेपर्यंत कुणाला सापडली नाही तरी शेवटी शेठनं स्वतःच भोंगा वाजवून सांगायची, हा कायदा. ह्या कायद्यात त्यानं कधी लबाडी केली नाही. थापाड्याचंही एक इमान असतं.

थाप धरण्यात राजुरीचा भगवंत सगळ्यांचा गुरू. तिकडं मोठमोठ्या इमारतींच्या परांच्या बांधायला होता. इकडं शेठचं वाक्य पुरं होतंय न होतंय तोच त्याचा निरोप: ‘शेठ, भोंगा.’ बास, एवढंच. त्याचा बाप धर्माजी दर शुक्रवारी राजुरीहून एसटीनं, मधे गाडी बदलून जुन्नरला यायचा. टोपी काढून मांडीवर ठेवायचा, देवळात बसल्यासारखा माइकपुढं बसायचा आणि लेकासाठी गाण्याची फर्माईश सांगायचा.

“भगवंता, मी धर्माजी बोलतोय राजुरीवरनं.”

“काका, तुम्ही जुन्नरात बसलाय.”

“आसं व्हय? मंग वाजवा की भोंगा!”

असा तो म्हातारा. शेठला शेरास सव्वाशेर.

पावसाळ्याच्या तोंडाला लोणीच्या बहिरूचा फोन आला. बहिरू आणि भगवंत तिकडं एका खोलीत राहायचे. “भगवंत परांचीवरनं पडलाय. सिरियस हाय,” एवढंच तो बोलला.

आपल्याकडं ‘सिरियस’ म्हटलं की काय समजायचं ते शहाण्याला सांगावं लागत नाही. फोनवर कुणी ‘गेला’ असं म्हणत नाही. सिरियस हाय, निघून या, असं म्हणायचं. येणारा वाटभर देवाला नवस बोलत येतो आणि दारातली गर्दी बघून काय ते समजतो. पीयूषशेठही तेच समजला. पण दोन दिवसांनी बहिरूनं कळवलं, ऑपरेशन झालं, गळ्यात नळी आहे, बोलता येत नाही, कानाला लावलं तर ऐकतो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तर खुद्द भगवंतची फर्माईश उमटली: ‘आबांना सांगा, बरा हाय. एक गवळण लावा.’ मेलेला माणूस गवळणीची फर्माईश कुठं पाठवतो? धर्माजीनं माइकला हात जोडले. शेठनं गवळण लावली. थाप मात्र त्या दिवशी भगवंतनं धरली नाही, पण आजारी माणसाकडून तेवढं कोण धरतंय!

असे काही शुक्रवार गेले. मग एका शुक्रवारी धर्माजी आला तो बसल्या बसल्या बोलायला लागला, आणि थांबेचना. एरवी दोन वाक्यांत उठणारा माणूस.

“भगवंता, मी धर्माजी बोलतोय राजुरीवरनं. आता दुखत नसंल तुला. निवांत पड. घरचा घोर करू नगंस. कांदा चांगला हाय. हिरीला पानी हाय. तुज्या आईचं मी बघतो. तिला मी काय बी कळू देत न्हाई, का तू किती सोसलंस. तू पुडं हो. मी येतोच.”

“येतोच? विमानाचं तिकीट काढलं काय काका?” पीयूषशेठ माइकवरच म्हणाला.

धर्माजी हसला. टोपी घातली, दारापर्यंत गेला आणि परत फिरून भोंग्याला उगीच हात लावून गेला.

पुढच्या मंगळवारी तो बांधावर बसल्या जागी गेला. बैलाला हाक मारावी तशी एक हाक मारली म्हणे, आणि कलंडला.

अग्नी पुतण्यानं दिला. दहावा झाला आणि त्याच आठवड्यात बयाबाई, धर्माजीची बायको, एकटी एसटीनं जुन्नरला आली. नेट कॅफेच्या पायरीवर चप्पल काढून आत आली, धर्माजी बसायचा त्या खुर्चीकडं बघत उभी राहिली.

“शेठ, भगवंताला न्हाई सांगितलं.”

“बरं केलं, काकी. नळी निघू दे गळ्यातली.”

“त्यो तिकडं पडून इकडं कान लावून बसतोय. ह्येंचा आवाज आला न्हाई तर काय समजायचं त्यानं? आत्ताच दोन शुक्रवार झालं.” ती थोडी पुढं झाली. “तुमी समद्या गावाला फशिवता. माज्या एका पोराला फशवा.”

पीयूषशेठला आयुष्यात लोकांनी खोड्या करू नको म्हणून हात जोडले होते. कर म्हणून जोडलेले हात हे पहिलेच.

धर्माजीचे सगळे शुक्रवार कॉम्प्युटरमध्ये होतेच. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, ती भेंडीसारखी चिरायची आणि हवे ते तुकडे जोडायचे. एका पुढाऱ्याचं भाषण असंच चिरून शेठनं त्याच्याच तोंडून ‘मी काहीही केलेलं नाही’ असं वदवलं होतं, आणि पेठ आठवडाभर हसली होती. आता त्याच हातानं तो मेलेल्या माणसाची वाक्यं चिरायला बसला. सगळ्यात जास्त माल त्या शेवटच्या, लांबलेल्या बोलण्यात होता. ‘मी धर्माजी बोलतोय राजुरीवरनं’ हे जसंच्या तसं. ‘कांदा चांगला हाय.’ ‘तुज्या आईचं मी बघतो.’ मधे मोकळी जागा पडली की तिथं म्हाताऱ्याचा एक खोकला.

शुक्रवारी तो आवाज लागला तेव्हा बयाबाई खुर्चीत होती. ‘भगवंता,’ असा पहिला शब्द आला आणि तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. नवऱ्यापुढं ओढतात तसा. मग पदराआडून हळूच म्हणाली, “वाईच दमानं बोला की. पोराचा कान दुखंल.”

पीयूषशेठनं तोंड फिरवलं आणि पुढचं गाणं लावलं.

त्या दिवशी त्यानं दुसरी थाप मारलीच नाही. धर्माजीचा आवाज हीच थाप, आणि कायदा मोडला तरी तिच्यावर भोंगा वाजवायचा नव्हता. त्याला धास्ती एकाच गोष्टीची. धर्माजी गेल्याची बातमी आखातात पोचली असली तर? एखादं वाह्यात पोरगं लिहील, ‘शेठ, थाप धरली, म्हातारा गेलाय,’ निरोप सगळ्यांनाच दिसतात, आणि ते भगवंतच्या डोळ्यांखालून जाईल. पण निरोप आले ते असे: ‘आज थाप नाय सापडली, शेठ.’ ‘लई डोकं लावलं, नाय घावली.’ ‘हरलो बुवा.’ एकूण एक पोरगं हरलं. आणि सगळ्यांच्या खाली भगवंत: ‘आबांचा आवाज ऐकला. बरं वाटलं.’

शेठला आतून गुदगुल्याच झाल्या. इतकी वर्षं एवढी टगी पोरं, एकालाही थांग लागला नाही! आपण काय चीज आहोत, असं त्याला वाटून गेलं. खोटं कशाला बोला.

मग तो रिवाजच पडला. बयाबाई दर शुक्रवारी यायची. आधी लेकाला कळू नये म्हणून येत होती. हळूहळू नवऱ्याला ऐकायला यायला लागली. तिच्या मागण्याही वाढल्या.

“शेठ, गाय व्याली ते सांगायला लावा त्येंना.”

“काकी, काका गाईबद्दल कधी बोललेच नाहीत माइकवर. शब्दच नाही माझ्याकडं.”

“जलमभर गाईपाठी व्हतं की हो!”

“इथं नाही बोलले.”

ती खट्टू झाली. “मंग खोकला तरी दोनदा लावा. त्येंचा खोकला मला वळखू येतो.”

शेठनं खोकला दोनदा लावला.

गणपती बसले आणि त्याच सुमाराला जैनांची संवत्सरी आली. वर्षभरात ज्याला ज्याला जाणता-अजाणता दुखावलं, फसवलं, त्याच्यापुढं हात जोडून ‘मिच्छामी दुक्कडम’ म्हणायचं, म्हणजे माझं केलेलं पाप फोल होवो. पीयूषशेठचा हा वर्षाचा मोठा कार्यक्रम. दर साली तो रेडिओवरून साऱ्या थापांची घाऊक माफी मागायचा, आणि वर भोंगा वाजवायचा.

ह्या वर्षी त्याच्या आईनं, भंवरीबाईनं, त्याला धरलं. उपासानं सुकलेली म्हातारी, पण आवाज करवतीसारखा.

“माइकवर ओरडलं म्हणजे क्षमा होत नाही. ज्याला खरंच फसवलंस त्याला फोन कर.”

“आई, वर्षभर जुन्नर फसवलं. किती फोन करू?”

“जुन्नर हसतं तुझ्या थापांना. जो हसला नाही त्याला कर.”

असा एकच होता. त्याचा बाप मेलाय आणि त्याला दर शुक्रवारी बाप ऐकवला जातोय. पण त्याच्याकडं माफी मागायची तर सगळंच सांगावं लागणार. शेठनं मधला मार्ग काढला. बहिरूला फोन लावला.

“बहिरू, मिच्छामी दुक्कडम.”

“शेठ, आवंदा डायरेक फोन? लई मोठी थाप मारली वाटतं!”

“मारली. भगवंत जवळ नाही ना? ऐक. तो बरा झाला की त्याला माझ्या वतीनं सांग. धर्माजी काका गेलेत. दोन महिने होत आले. ते रेडिओवर बोलतात ते मी चिकटवलेलं आहे.”

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

“म्हाईत हाय, शेठ,” बहिरू म्हणाला. “आमाला दुसऱ्याच दिशी कळलं व्हतं. हितं समद्यास्नी म्हाईत हाय.”

“मग थाप कुणी धरली कशी नाही?”

“कोन धरनार? कुनाला हिंमत हाय?” बहिरू घाईघाईनं म्हणाला. “शेठ, माफी मलाच मागायचीय. भगवंत न्हाई ओ. त्यो पडला तवाच गेला. दवाखान्यात बी न्ह्यायला लागला न्हाई.”

“अरे पण… नळी? फर्माइशी?”

“म्याच लिवायचो. घरी ‘सिरियस’ म्हनून सांगितलं. वाटलं, आठ दिसांत बॉडी धाडू, मंग कळंलच. पर बॉडी अडाकली कागदात. म्हातारी मान्सं, तोवर कसं सांगायचं? मंग घरच्याची सही पायजे म्हनले. तवा धर्माजी काकास्नी सांगावंच लागलं. पुतन्याच्या फोनवर एकलंच बोलले माज्याशी.”

पीयूषशेठनं विचारलं, “कधी?”

“शेवटचं आले न्हाईत का तुमच्याकडं, लांबलचक बोलले? त्याच्या आदल्या दिशी. म्हनले, बयाला मी सांगन, पर घाई नगं. तवर तुमी फर्माइशी बंद करू नगा, तिला सवय लागलीय. सोमवारी सही धाडली, अन् मंगळवारी त्येच गेलं. आता सांगायचं कुनाला, शेठ? दर शुक्रवारी तुमी तिकडनं म्हाताऱ्याला बोलवायचा, आमी हिकडनं भगवंताला. समदी पोरं मोबाइल मधी ठिवून बसायची. कोन बी बोलायचं न्हाई.”

शेठला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. दोन मेलेली माणसं एकमेकांना गाणी पाठवत होती, आणि मधे बसून तो स्वतःच्या हुशारीवर खूश होत होता.

“बॉडी रविवारी येतीय,” बहिरू म्हणाला. “मुंबईवरनं ॲम्ब्युलन्स. काकीला तेच्या आदी कुनीतरी सांगाया पायजे. गावात दुसऱ्या कुनाला म्हाईत न्हाई. तुमी सांगा.”

“माझं कोण खरं धरील, बहिरू?”

“रविवारच्या आदी, शेठ,” बहिरू म्हणाला.

फोन ठेवल्यावर शेठनं ते शेवटचं लांब बोलणं पुन्हा लावलं. न चिरलेलं. ‘आता दुखत नसंल तुला. तू पुडं हो. मी येतोच.’ आणि लगेच त्याचा स्वतःचा आवाज, ‘विमानाचं तिकीट काढलं काय काका?’ मग म्हाताऱ्याचं हसू. तेही भरलं गेलं होतं. शेठनं ते अर्ध्यावर बंद केलं.

शुक्रवारी बयाबाई नेहमीच्या वेळेला आली. शेजारच्यांच्या गणपतीसाठी मोदक केले होते, त्यातले चार फडक्यात बांधून आणलेले. बाहेर पेठेत कुठल्याशा मंडळाचा स्पीकर कोकलत होता. तिनं खुर्ची ओढली, पदर सारखा केला.

“लावा, शेठ. आज काय इषय?”

“आज कार्यक्रम नाही, काकी.”

“का? लाइट गेली व्हय?”

“काकी, ऐका.” पीयूषशेठनं हात जोडले. कसं सांगायचं ते तो रात्रभर घोकत होता. ‘सिरियस’ म्हणून बघावं, असंही मनात आलं होतं. पण तो शब्द ह्या बाईच्या बाबतीत कधीच वापरून झाला होता. “भगवंत गेला, काकी. परांचीवरनं पडला त्याच दिवशी. बहिरूच लिहायचा त्याच्या नावानं. काकांना ठाऊक होतं. रविवारी ॲम्ब्युलन्स येतीय.”

बयाबाईच्या तोंडावर काहीतरी हललं, मग सगळं तोंड उजळलं, आणि तिनं टाळी वाजवली.

“घावली!”

“काकी…”

“घावली, शेठ! ह्ये घरी येऊन मला तुमची थाप सांगायचे, म्हनायचे वळख. मला कदी म्हनून वळखू आली न्हाई. आज धरली का न्हाई?” ती हसत होती, पण हसताना श्वास लागत होता. “लई वंगाळ थाप मारली बगा. आशी मारू नये आईपशी. पर धरली म्या. वाजवा भोंगा.”

“काकी, ही थाप नाही.”

“वाजवा की वो! कायदा हाय तुमचा. धरली की वाजवायचा. अन् माजा इषय ल्या लिवून. घरी येनाऱ्याची गानी. फुडल्या शुक्रवारी निस्ती घरी येनाऱ्याची गानी लावायची.”

शेठ भोंगा उचलत नाही हे पाहून तिनं स्वतःच तो टेबलावरून उचलला आणि त्याच्या हातात दिला. त्याची बोटं बरोबर रबरावर बसवली, लहान पोराची बसवावी तशी.

पीयूषशेठ भोंगा धरून बसला. रबर मऊ होतं. एकदा दाबलं की झालं. पोंऽऽ केलं की भगवंत तिकडं खाटेवर उठून बसला असता, गळ्यातली नळी निघाली असती, रविवारी ॲम्ब्युलन्स आलीच नसती. निदान रविवारपर्यंत. ही बाई मोदक खायला घालून, हसत, सहाच्या एसटीनं घरी गेली असती. आयुष्यभर त्यानं ज्याच्या-त्याच्यापुढं हा भोंगा दाबला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी पदर पसरून तो मागत होतं.

त्याची बोटं हलली. बयाबाईचे डोळे बोटांवर.

त्यानं भोंगा टेबलावर ठेवला. आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले, शाळेत मास्तरांनी सांगितल्यासारखे.

बाहेर स्पीकर बंद पडला आणि परत सुरू झाला. बयाबाई भोंग्याकडं बघत होती. तो आपोआप वाजेल म्हणून वाट बघत होती. तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त त्याला आता कुणी धरलेलं नव्हतं.

“वाजवा की,” ती म्हणाली. आता हळू. “लेकरा, वाजव की रं.”